‘निंजा’ म्हणजे नक्की काय? (भाच्याचा प्रश्न, काकांचा फॉरवर्ड)

उंबरठा

परवा बहिणीकडे गेलो होतो. भाचा, वय वर्षं आठ, आईची काळी ओढणी डोक्याला गुंडाळून सोफ्याच्या पाठीवर उभा. माझ्या अंगावर उडी मारायच्या आधी त्याने विचारलं, "मामा, निंजा म्हणजे काय?" म्हटलं, जपानी मारेकरी. तर म्हणतो, "ते माहितीये रे. शब्दाचा अर्थ काय?" आणि मारली उडी.

बरगडी चोळत घरी आलो आणि फॅमिली ग्रुपवर प्रश्न टाकला. ती चूक झाली. दहा मिनिटांत काकांचा फॉरवर्ड हजर: निंजा हा मूळ संस्कृत शब्द, ‘निज’पासून आलेला, म्हणजे ‘स्वतःला जिंकलेला’, आणि बौद्ध भिक्खूंनी तो जपानला नेला. खाली तिरंगा, कमळ, हात जोडलेले. ग्रुपवर काकांना ‘नाही’ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथे विचारतोय. जपानी येणारे बरेच जण आहात. खरं काय?

गुळपोळी

संस्कृत कशाला? चोख मराठी आहे. शत्रूच्या डोक्यात दांडका घालायचा आणि म्हणायचं, "नीज, जा!"

आडवाट

गुळपोळी :))) काकांना पाठवा हे. उद्या सकाळी ते फिरत फिरत माझ्या सासऱ्यांकडून मला येईल.

वाटाड्या

सहा वर्षं नागोयात काढली, त्याआधी पुण्यात क्लास लावून जपानी शिकलो. आठवतं तेवढं सांगतो.

शब्दात दोन चित्राक्षरं आहेत. पहिलं ‘निन्’, दुसरं ‘जा’. दुसरं सोपं, ‘माणूस’ किंवा ‘करणारा’. आपल्या ‘-कर’, ‘-कार’, ‘-करी’सारखं. एरवी त्याचा उच्चार ‘शा’: डॉक्टर म्हणजे ‘इशा’, पत्रकार ‘किशा’, विद्वान ‘गाकुशा’. पण आधी ‘न्’ आला की बऱ्याचदा ‘शा’चा ‘जा’ होतो. श्रद्धाळू माणूस ‘शिन्जा’, दवाखान्यातला पेशंट ‘कान्जा’, तसा ‘निन्जा’.

पहिल्या अक्षराचे अर्थ दोन. एक सोसणं, कळ काढणं. दुसरा लपणं, लपवणं. आजच्या जपानीत ‘निन्ताइ’ म्हणजे सहनशीलता, चिकाटी. ऑफिसात साहेब लोकांचा आवडता शब्द. त्यात मारामारीचा मागमूस नाही.

तर निंजा म्हणजे ‘सोसणारा’ किंवा ‘लपून राहणारा’. मारेकरी हा शब्दाचा अर्थ नव्हेच. ह्या लोकांचं मुख्य काम बातमी काढायचं आणि ती सांगायला जिवंत परत यायचं. मेलेला हेर धन्याच्या काय कामाचा?

गंमत म्हणजे ‘कान्जा’ असाच उच्चार असलेला दुसरा एक शब्द आहे, अक्षरं वेगळी, अर्थ ‘हेर’. मी नवा असताना टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकेत एक सामुराई तलवार उपसून "कान्जा! कान्जा!" ओरडत होता. मला वाटलं कुणाला तरी चक्कर आली.

शब्दवेडी

वाटाड्या, सुंदर प्रतिसाद. पण सगळ्यात सुंदर गोष्ट राहिली! ‘निन्’ अक्षरात वर तलवारीचं पातं आहे आणि खाली हृदय. हृदयावर पातं टेकलंय आणि माणूस हूं की चूं करत नाही, म्हणजे सोसणं. आमच्या कॅलिग्राफीच्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तेव्हापासून ते अक्षर माझ्या टेबलासमोर लावलंय.

वाटाड्या

शब्दवेडी, काटा मोडायला जिवावर येतंय, पण अक्षर तसं ‘सुचलेलं’ नाही. बहुतेक चिनी अक्षरं अशीच जुळवलेली असतात, एक भाग अर्थ सुचवतो आणि दुसरा उच्चार. इथे खालचं हृदय अर्थाचं, म्हणजे ‘ही मनाची गोष्ट आहे’ एवढंच सांगणारं. वरचं पातं (उच्चार ‘जिन्’, ‘निन्’च्या जवळचा) आहे ते त्याच्या उच्चारासाठी. उद्या ‘जिन्’ उच्चाराचं बादलीचं अक्षर हाताशी असतं तर हृदयावर बादली आली असती.

शब्दवेडी

मग मी बादली टेबलासमोर लावू का? :(

खडूस_मास्तर

लावू नका, पातंच राहू द्या. वाटाड्यांचं व्युत्पत्तीपुरतं बरोबर आहे. पण अक्षर एकदा तयार झाल्यावर लोक त्यात काय बघतात तेही खरंच असतं. शेकडो वर्षं जपानी आणि चिनी माणसं त्या अक्षरात पातं आणि हृदय बघत आली, त्यावर सुविचार लिहीत आली. ‘उसना’मध्ये ऊस नाही म्हणून ‘गोड बोलून उसने नेले’ ही कोटी बाद होत नाही.

आता मुद्द्याचं. धाग्यात एक गृहीतक आहे, की हे लोक स्वतःला निंजा म्हणवत. तसं नव्हतं. तीच दोन अक्षरं चिनी वळणाने न वाचता जपानी वळणाने वाचली की उच्चार होतो ‘शिनोबि-नो-मोनो’, थोडक्यात ‘शिनोबि’. जुन्या काळात तोंडी होता तो हा शब्द. चौदाव्या शतकातल्या ‘ताइहेइकि’ ह्या युद्धकथेत शिनोबि येतात, रात्री शिरून आग लावतात. ‘निंजा’ हा उच्चार घरोघरी गेला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५०-६० च्या दशकांत, कादंबऱ्या, सिनेमे आणि मुलांच्या चित्रकथांमधून. तिथून तो जगभर गेला. परदेशी जिभेला ‘शिनोबि-नो-मोनो’पेक्षा ‘निंजा’ सोपा, हे एक कारण असावं.

म्हणजे भिक्खूंनी नेलेला हा ‘प्राचीन संस्कृत’ शब्द, आज आपण म्हणतो त्या रूपात, काकांच्याच वयाचा निघतो.

उंबरठा

मास्तर, काका १९५४ चे. हे त्यांना सांगायला मला निंजाच लागेल.

रानवाटा

कशाला जपानला जायचं? आपले बहिर्जी नाईक काय कमी होते? सुरतेची खडान्‌खडा माहिती काढून आणली. वेषांतर, नकला, सगळं. त्यांच्यावर कार्टून का नाही?

खडूस_मास्तर

रानवाटा, बहिर्जींबद्दल आदर पूर्ण. पण धागा शब्दाचा आहे. आपल्याकडे त्या माणसांना हेर, जासूद, नजरबाज म्हणत, हे घ्या तुलनेला. तिथेही एक नाव नव्हतंच, प्रांताप्रांतात वेगळं. कुठे ‘राप्पा’, कुठे ‘सुप्पा’. कुठे ‘कुसा’, म्हणजे चक्क गवत, गवतात पडून राहणारा म्हणून. उएसुगी घराण्याकडे ‘नोकिझारु’, म्हणजे वळचणीचं माकड. ह्यातला सुप्पा अजून जिवंत आहे. वर्तमानपत्राने एखादी भानगड चव्हाट्यावर आणली की जपानीत ‘सुप्पानुकु’ म्हणतात.

गुळपोळी

वळचणीचं माकड!! आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

पातोळी

मास्तरांच्या ‘शिनोबि’वरून आमच्या गोव्याचा एक धागा जोडते. उगाच ओढून आणलेला नव्हे.

१६०३ मध्ये नागासाकीला जेझुइट पाद्र्यांनी जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापला, बत्तीस हजारांवर शब्दांचा. त्यात ‘शिनोबि’ आहे. अर्थ साधारण असा: लढाईच्या वेळी रात्री किंवा चोरून गडावर चढणारा, नाहीतर छावणीत शिरून बातमी काढणारा हेर. म्हणजे जे लोक तेव्हा हयात होते, त्यांच्याच काळात लिहिलेली व्याख्या. काळे कपडे नाहीत, धुरात अदृश्य होणं नाही, छतावरून उड्या नाहीत.

आता गोवा. तो छापखाना युरोपातून जपानला पोचला १५९० मध्ये, पण वाटेत गोव्याला थांबून. युरोपला गेलेली चार जपानी ख्रिस्ती मुलं परतताना त्याच्यासोबत होती. त्यांच्यातल्या हारा मार्तिनोने गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केलं आणि ते १५८८ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. म्हणजे ‘शिनोबि’ची ही नोंद छापणाऱ्या त्या छापखान्याने जपान बघायच्या आधी मांडवीचं पाणी बघितलं होतं.

आणखी एक. त्या कोशात जपानी शब्द रोमन लिपीत, पोर्तुगीज वळणाने आहेत. त्यामुळे ‘शिनोबि’ सापडतो तो एक्स अक्षराखाली! गोंयकाराला हे वेगळं सांगावं लागत नाही, आमच्या शेल्डे गावाच्या पाटीवरही इंग्रजीत सुरुवातीला एक्सच आहे. बाहेरचे लोक ‘झेल्डेम’ वाचतात आणि पुढच्या गावात जाऊन रस्ता विचारतात.

वाटाड्या

पातोळी, दंडवत. सहा वर्षं तिथे राहून हे माहीत नव्हतं.

खडूस_मास्तर

पातोळीबाईंना माझाही नमस्कार. म्हणजे फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ ला राशोलला रोमन लिपीत छापलं, त्याच्या तेरा वर्षं आधी तिकडे हेच चाललं होतं. एकीकडे मराठी ओव्या रोमनमध्ये, दुसरीकडे शिनोबि रोमनमध्ये. एकाच संघाची माणसं.

सुरणाची_भाजी

तुम्ही सगळे फार हुशार आहात. मी फक्त जाऊन आलेय. :)

नवऱ्याची बदली ओसाकाला होती. सासू-सासरे आले तेव्हा एक दिवस इगाला, निंजांच्या गावाला, गेलो. मिए प्रांतात डोंगरांच्या मधे खोलगट भाग, त्यात ते गाव. छोट्या आगगाडीच्या डब्यांवर निंज्याचे वटारलेले डोळे रंगवलेत. तिथल्या उएनोशी स्टेशनला २०१९ पासून ‘निंजाशी’ असं टोपणनावही दिलंय. कवी बाशोचा जन्म ह्याच इगातला, त्यामुळे अर्धी दुकानं निंज्याची आणि अर्धी हायकूंची.

गडाजवळ निंजा संग्रहालय आहे, मुळात एक शेतकऱ्याचं घर. बाहेरून अगदी साधं. आत गाईड पोरगी बोलता बोलता जमिनीच्या फळीच्या टोकावर पाय देते, दुसरं टोक टपकन वर येतं आणि खालून तलवार तिच्या हातात. मी सावरायच्या आत. मग भिंतीला खांदा लावून गेली ती गेलीच, भिंत फिरून परत जागेवर. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वाड्यात असं एक दार असतं तर तुझ्या आत्येसासूबाई आल्या की..." आणि गप्प बसल्या.

खरी मजा पुढे. तिथे ‘कातायाकि’ नावाची बिस्किटं मिळतात. निंजा सोबत न्यायचे म्हणतात. दगड! दुकानात सोबत छोटी लाकडी हातोडी देतात. सासऱ्यांनी "बघू तरी" म्हणत थेट दाताखाली घेतलं आणि दुकानातली म्हातारी काउंटर सोडून हात हलवत धावत आली. दात वाचले. बिस्किटही वाचलं.

आडवाट

इगाच्या त्याच संग्रहालयात २०२० मध्ये चोरी झाली होती ना? दीडशे किलोची तिजोरी, आत दहा लाख येनांहून जास्त रक्कम, आणि चोरांनी तीन मिनिटांत लांबवली. निंजांच्या घरात!

गुळपोळी

घरचेच असणार.

झोपाळू_अस्वल

हातोडीवरून आठवलं. आम्ही लहानपणी जे कार्टून हिंदीत बघायचो ते ‘निंजा हथौड़ी’. मला पाचवीपर्यंत वाटायचं ह्याच्याकडे एक हातोडी आहे आणि ती पुढच्या भागात दाखवतील.

वाटाड्या

हाहा. तो ‘हातोरी’. इगाच्या हात्तोरी हान्झोवरून घेतलेलं आडनाव. हा तोकुगावा इएयासूचा, म्हणजे पुढे जपानचा सत्ताधीश झाला त्याचा, सरदार. १५८२ मध्ये इएयासूचा बलाढ्य दोस्त नोबुनागा मारला गेला तेव्हा इएयासू मूठभर माणसांनिशी अडकला होता, त्याला इगाच्या डोंगरातून सुखरूप बाहेर काढण्यात हान्झोचं नाव घेतात. तोक्योच्या राजवाड्याला आजही हान्झोमोन नावाचा दरवाजा आहे, त्यावरून मेट्रोची एक लाइन आहे. तोक्योला गेलो की मी तिच्यात चेंगरायचो.

आणि ‘हात्तोरी’ आडनाव आलंय कापड विणणाऱ्यांच्या जुन्या जमातीवरून. म्हणजे मराठीत करायचं तर निंजा कोष्टी.

झोपाळू_अस्वल

निंजा कोष्टी!!! बालपण नव्याने जगलो.

मोरपीस_७

बायकांमध्येही निंजा असायच्या ना? ‘कुनोइचि’?

वाटाड्या

त्या शब्दाची गंमत आहे. ‘स्त्री’चं चित्राक्षर तीन फटकाऱ्यांत लिहितात. पहिला फटकारा जपानी ‘कु’ अक्षरासारखा, दुसरा ‘नो’सारखा, तिसरा आडवी रेघ, म्हणजे ‘इचि’, एक. कु-नो-इचि. ‘बाई’ म्हणायचं नाही म्हणून अक्षर फोडून सांगायचं. आपण पोरांसमोर ‘चॉकलेट’ न म्हणता स्पेलिंग करतो, तसं. १६७६ च्या ‘बान्सेन्शूकाइ’ ह्या, इगा आणि शेजारचं कोका इथल्या निंजा परंपरेच्या ग्रंथात ‘कुनोइचिची युक्ती’ आहे. चामड्याचा सूट घालून उड्या मारणारी बाई हा पुढचा उद्योग.

आडवाट

सूटवरून, ते काळे कपडे खरे की नाही?

खडूस_मास्तर

काळा पोशाख चित्रांतून आणि रंगभूमीवरून पक्का झाला. खरा हेर काळ्या कपड्यांत दिवसाढवळ्या फिरला तर पोरंही दगड मारतील. १६८१ च्या ‘शोनिन्कि’ ग्रंथात सात वेष दिलेत: भिक्षू, डोंगरात तप करणारा, व्यापारी, रस्त्यावरचा खेळकरी वगैरे. आणि सातवा कोणता? साधा माणूस. मला हा सातवा फार आवडतो.

दोन्ही ग्रंथांचे काळ बघा. घराण्याघराण्यांतली शेवटची मोठी लढाई १६१५ ला ओसाकात संपली. हे लिहिलं गेलं साठेक वर्षांनी, शांततेत, जेव्हा ह्या विद्येला फारसं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. धंदा बसला की आठवणी लिहायला वेळ मिळतो. आणि ‘बान्सेन्शूकाइ’त पहिलं प्रकरण शस्त्रांचं नाही, ‘सेइशिन’चं, म्हणजे मन सरळ ठेवण्याचं. नाहीतर हा माणूस आणि चोर ह्यांत फरक काय?

व्याकरणकाका

सगळं झालं, पण कुणी अनेकवचन ठरवलं का? वर सुरणाची_भाजी ‘निंज्याचे डोळे’ लिहितात आणि आडवाट ‘निंजांच्या घरात’. घोडा-घोड्याचे की राजा-राजाचे? एक निंजा, दोन निंजे?

शिवाय उच्चार. ‘जातिवंत’मधला जा, की ‘घरी जा’मधला? मराठी माणूस सरळ दुसरा करून मोकळा होतो.

वाटाड्या

‘जातिवंत’मधला. अनेकवचन जपानीत नाहीच, एक निंजा, शंभर निंजा.

गुळपोळी

म्हणजे गुळपोळीचा ‘नीज, जा’ उच्चारावरच बाद. निषेध.

बोरकूट

पाली शिकतेय, म्हणून उंबरठा ह्यांच्या फॉरवर्डवाल्या काकांच्या बाजूने थोडं. पूर्ण नाही, थोडं.

‘निज’ वगैरे थापा. पण बौद्ध ग्रंथ चिनीत नेले गेले तेव्हा संस्कृत ‘क्षान्ति’ (सहनशीलता) ह्या शब्दासाठी अनुवादकांनी कोणतं अक्षर घेतलं? हेच, पातं आणि हृदयवालं. हीच क्षान्ति जपानीत ‘निन्निकु’. लसणीलाही जपानीत ‘निन्निकु’च म्हणतात, आणि शब्द तिथूनच आल्याचं सांगतात. भिक्षूंना लसूण वर्ज्य, म्हणून त्याला हे सोवळं नाव.

दुसरं, बौद्ध ग्रंथांत आपल्या ह्या जगाला ‘सहा लोकधातु’ म्हणतात (‘सहा’ हे नाव, आकडा नव्हे). ‘सह’ म्हणजे सोसणे, आपल्या ‘सहन’मधला. हे जग म्हणजे सोसण्याची जागा. चिनीत ह्याचा अर्थानुवाद करताना पुन्हा तेच अक्षर आलं, आणि नुसत्या उच्चाराने घेतला तो शब्द जपानीत झाला ‘शाबा’.

अक्षर चीनमध्ये आधीपासून होतं, त्यामुळे निंजा संस्कृतातून आला असं म्हणता येत नाही. शब्द गेला नाही, फक्त एक अर्थ त्या अक्षरात जाऊन बसला.

वाटाड्या

‘शाबा’! आज जपानीत तुरुंगातून सुटलेला माणूस बाहेरच्या जगाला शाबा म्हणतो. ‘शाबाची हवा’. बुद्धाने जिला सोसायची जागा म्हटलं ती कैद्याला मोकळी हवा.

शब्दवेडी

बोरकूट, तुमच्या प्रतिसादाने माझी बादली परत पातं झाली.

सकाळपासून एकच डोक्यात घोळतंय, सोसणं आणि लपवणं ह्या दोन्हींना एकच शब्द कसा? जपानीत ‘शिनोबि-आशि’ म्हणजे दबकी पावलं आणि ‘शिनोबि-नाकि’ म्हणजे हुंदका गिळून रडणं. एकात पाऊल लपवलंय, दुसऱ्यात रडणं. मराठीत असा शब्द शोधत होते. भाजी चिरता चिरता सापडला: पोट! गुपित पोटात ठेवतो आणि अपराध पोटात घालतो. त्यांचं ते हृदयात होतं, आपलं पोटात.

सुरणाची_भाजी

अगदी! आणि ज्याच्या पोटात राहत नाही तो निंजा होऊ शकत नाही. आमच्या आत्येसासूबाई बाद.

उंबरठा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. अपडेट देतो.

भाच्याला सांगितलं, निंजा म्हणजे सोसणारा आणि लपून राहणारा. त्याने तोंड वाकडं केलं. मग विचारलं, "लपून राहणारा म्हणजे किती वेळ?" म्हटलं, गवतात रात्रभरसुद्धा, हूं की चूं न करता. काल बहिणीचा फोन, कार्टं पाऊण तास कपाटात बसून होतं, हिने सगळी बिल्डिंग पालथी घातली. आता ती माझ्याशी बोलत नाहीये. २२ फेब्रुवारीला जपानात निंजा दिवस असतो (दोनला ‘नि’, म्हणून नि-नि-नि, निन्-निन्-निन्) हे त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

काकांनाही खासगीत बोरकूट ह्यांचा प्रतिसाद पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "म्हणजे मी बरोबरच होतो." आणि लगोलग ग्रुपवर नवा फॉरवर्ड: सामुराई = समर + राय, युद्धाचा राजा.

नवीन धागा काढू का?

वाटाड्या

नको. ‘साबुराउ’, म्हणजे सेवेत हजर असणं. सामुराई म्हणजे हुजऱ्या. झाला धागा.

व्याकरणकाका

ते असू द्या. निंजे की निंजा?